सत्कारमूर्ती

देवांगने कोथिंबीर वडीची बशी आधी एकनाथरावांपुढे सरकवली, मग अनयापुढे, आणि शोभनाताईंपर्यंत ती पोहोचली तेव्हा तिच्यात चटणीचा एक ओघळ तेवढा उरला होता.

"स्मॉल प्लेट्स ना काकू, तीनच पीसेस येतात," देवांग म्हणाला. "अजून एक मागवतो."

"राहू दे रे. माझ्या फ्रीजरमध्ये डबाभर पडल्यात," शोभनाताई म्हणाल्या आणि बशी बाजूला सारली.

परदेशातल्या या गावात, देशी दुकानांनी भरलेल्या ओक ट्री रोडवर, एका साड्यांच्या दुकानाच्या जागी हा कॉकटेल बार नुकताच उघडला होता. दिवे इतके मंद की मेनू वाचायला फोनचा उजेड पाडावा लागत होता, आणि थालीपीठाचे नखाएवढे त्रिकोण पाटीसारख्या काळ्या दगडावर मांडून येत होते. शोभनाताईंनी एरवी या थाटाची यथेच्छ टिंगल केली असती. आज मात्र त्या खुशीत होत्या. मराठी मंडळाचा अध्यक्ष देवांग आणि सेक्रेटरी अनया ऐन सप्टेंबरात त्या दोघा नवराबायकोला बाहेर बोलावतात ते दिवाळीच्या नाटकाचं बोलायलाच, हे सांगायला ज्योतिषी नको होता. यंदाचं नाटक सत्तरीत घटस्फोट घ्यायला निघालेल्या जोडप्याचं होतं. दोनच पात्रं. मंडळाच्या रंगमंचावर ही दोघं इतकी वर्षं नायक-नायिका होती की दुसऱ्या कोणाचा विचार करायचं कारणच नव्हतं. संहिता ईमेलने आली त्या आठवड्यातच शोभनाताईंनी ती पाठ करून टाकली होती. स्वतःची भूमिका आणि एकनाथरावांचीही.

वेट्रेस आली. एकनाथरावांनी मेनूवर बोट ठेवलं, तोंड उघडलं आणि तसेच थांबले.

"यांना व्हिस्की सावर. बर्फ कमी," शोभनाताई म्हणाल्या.

गेली काही वर्षं हे असंच चाललं होतं. पार्टीत कोणी समोरून आलं की त्या आधीच म्हणायच्या, "अहो, हे आपले पिस्कॅटवेचे गोखले, नाही का?" मग एकनाथराव गोखल्यांच्या पाठीवर थाप मारायला मोकळे. स्टेजवरही तेच. एकनाथरावांचं वाक्य अडलं की त्या त्याचाच प्रश्न करून त्यांच्यापुढे ठेवायच्या. गेल्या दिवाळीत तर दुसऱ्या अंकात त्यांना एक शब्द आठवेना. तेव्हा शोभनाताईंनी स्वतःच अडखळल्याचं सोंग केलं, "मी मेली काय विचारत होते बरं," असं म्हणत त्यांचं अख्खं वाक्य त्यांच्या हातात दिलं आणि नाटक पुढे नेलं. लोकांना वाटलं, शोभना विसरली. त्यांनी वाटू दिलं. घरी जाताना गाडीत एकनाथराव म्हणाले होते, "मस्त झाला प्रयोग." त्यावर त्या "हो" म्हणाल्या होत्या.

"काकू," देवांगने ग्लास खाली ठेवला, "एक मस्त न्यूज आहे. या दिवाळीत मंडळ तुमचा सत्कार करतंय. शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं प्रॉपर. तुम्ही आमच्या सत्कारमूर्ती."

शोभनाताईंना सत्कार म्हणजे काय ते पुरतं ठाऊक होतं. माणसाला कायमचं खाली उतरवायचं असलं की एकदा शाल घालून वर बसवतात. आधीच्या खजिनदारांना त्यांनी स्वतःच्या हाताने असंच वाटेला लावलं होतं.

"आणि नाटक?" त्यांनी विचारलं.

"नाटक अनया करतेय."

"अनया पस्तिशीची आहे. नाटकातली बाई सत्तरीची आहे."

"केस व्हाइट करू ना काकू. तो काही इश्यू नाही."

अनया हसली आणि तिने काळेभोर केस कानामागे सारले.

"आणि नवऱ्याचं काम?"

"काका आहेत की. काकांशिवाय आपलं नाटक होतं का?" देवांगला आता अवघड टप्पा पार पडल्यासारखं वाटत होतं, त्यामुळे तो मोकळेपणी बोलायला लागला. "आम्ही काकांशी आधीच डिस्कस केलं. तेच म्हणाले, तुम्हाला हल्ली पाठांतर झेपत नाही. लास्ट इयर ते सेकंड अ‍ॅक्टमध्ये झालं ना. इट्स ओके काकू, होतं असं."

शोभनाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते ग्लासातली चेरी काडीने काढण्यात गढून गेले होते.

"असं म्हणालात तुम्ही?"

"अगं, किती वर्षं ही दगदग करणार? तुझ्याच भल्यासाठी म्हटलं."

बोलताना त्यांनी चेरीवरची नजर हलवली नाही. म्हणजे गेल्या वर्षी कोण विसरलं होतं ते त्यांना नीट आठवत होतं. ते खरंच विसरले असते तर शोभनाताईंनी हेही पोटात घातलं असतं. आता त्यांना राग आला, आणि इतका राग उभ्या संसारात कधी आला नव्हता. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बरं केलंत."

टेबलावरचा ताण एकदम उतरला. देवांगने पनीरचीही एक बशी मागवली. अनयाने खुर्ची शोभनाताईंजवळ ओढली.

"काकू, मला जाम टेन्शन आलंय. काकांबरोबर काम करायच्या टिप्स द्या ना. ते मध्येच खूप मोठा पॉज घेतात. तेव्हा मी काय करायचं?"

एकनाथरावांनी मान वर केली. संध्याकाळभरात पहिल्यांदाच त्यांनी बायकोच्या डोळ्यांत पाहिलं. ही नजर शोभनाताईंच्या ओळखीची होती. वाक्य हरवलं की ते स्टेजवर त्यांच्याकडे असेच बघायचे.

"पॉज ही तर त्यांची खासियत," शोभनाताई अनयाला म्हणाल्या. "मी मधेमधे बोलून त्याची माती करायचे. तू बोलू नकोस. कितीही वेळ गेला तरी हलायचं नाही, गप्प उभं राहायचं. लोकांना तेच आवडतं."

"ओके. पण सेफ्टीसाठी विंगेत प्रॉम्प्टर ठेवू ना?" देवांगने विचारलं.

"यांना प्रॉम्प्टर?" शोभनाताईंनी नवऱ्याकडे वळून विचारलं. "ठेवायचा का हो? तुम्हाला लागत असेल तर सांगा मुलांना. त्यात कसला कमीपणा?"

देवांग आणि अनया एकनाथरावांकडे बघत राहिले. एकनाथरावांनी ओठ ओले केले. चेरी एव्हाना पुन्हा ग्लासात पडली होती.

"छे," ते म्हणाले. "प्रॉम्प्टर... मला कशाला लागतोय."

"मग ठरलं," देवांग म्हणाला. "काकू, तुमचा सत्कार नाटकाआधी ठेवू की नंतर?"

"आधीच ठेव," शोभनाताई म्हणाल्या. "आणि मला पहिल्या रांगेत, अगदी मधली खुर्ची दे. इतक्या वर्षांत यांचं काम समोरून बघायला मिळालंच नाही रे."