पोटात न गेलेला चहा

मी भर बोलतेय, वरच्या समोरच्या दाताची. डॉक्टरीणबाई मला फिलिंग म्हणतात. म्हणोत. मी आहे म्हणून हा दात तुटका दिसत नाही, एवढं ध्यानात ठेवा आणि मग माझं गाऱ्हाणं ऐका.

जन्म माझा दवाखान्यातल्या खुर्चीत. मालकिणीला गोळी चघळायचा धीर नव्हता. कडकन फोडायला गेली आणि दाताचा कोपरा उडाला. डॉक्टरीणबाईंनी पाच-सहा छटा दाताशेजारी धरून पाहिल्या, नेमकी निवडली, थरावर थर देऊन निळ्या प्रकाशात मला घट्ट केलं आणि घासून चमकवलं. आरशात बघून मालकीण म्हणाली, "कुठला दात तुटला होता, मलाच सापडेना." तेव्हा मी जी फुगले, ती पहिली आणि शेवटची.

दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत कामावर गेले. मालकीण चहाची पारख करणारी. लांब टेबलावर पांढऱ्या वाट्या, प्रत्येकीत वेगळा कोरा चहा. चमचा तोंडाशी नेऊन ती फुर्रकन ओढते, तोंडभर खेळवते आणि पिंपात थुंकते. दिवसाला साठ वाट्या. मी दारातच उभी, त्यामुळे पहिला फवारा माझ्या अंगावर.

तेवढ्याने मी हरले नसते. वरवरचा डाग निघतो. पण दर दहा वाट्यांनंतर जीभ साफ व्हावी म्हणून ही लिंबाची फोड चोखते आणि रसही पिंपात थुंकते. मग गिऱ्हाइकांसमोर दात पिवळे दिसू नयेत म्हणून लगेच बेसिनशी जाऊन ताठ ब्रशने खसाखसा घासते. लिंबाने माझं अंग हुळहुळं झालेलं, त्यावर हा मारा. गुळगुळीत होते ती खरखरीत झाले, आणि पुढच्या दहा वाट्या त्यात मुरल्या. डाग दिसला की ती जास्त घासते, जास्त घासलं की जास्त डाग पडतो. आहे का काही इलाज?

दोन वर्षांत माझ्या कडेने तपकिरी रेघ उमटली. जेवताना नवरा म्हणाला, "दाताला चहाची किनार लावलीस की गं." त्याला गंमत. ही मात्र तेव्हापासून ओठ मिटून हसू लागली आणि बोल लावला मला. म्हणे, बाईने हलका माल भरला.

हलका माल! मी!

आज पुन्हा तीच खुर्ची. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की जुनी भर काढताना थोडा चांगला दातही जातो. हा आधीच पातळ झालाय, आणखी एकदा ही वेळ आली तर तो राहील याची खात्री नाही. मग विचारलं, "चहा किती घेता? आंबट काही खाता का?"

जीभ माझ्या शेजारीच. मनात म्हटलं, सांग बाई. साठ सांग, लिंबू सांग, ब्रश सांग. मी गेले तर गेले. आंबटानंतर नुसती चूळ भरायची आणि तासभर ब्रशला हात लावायचा नाही, एवढं त्या सांगतील आणि दात तरी वाचेल.

"दोनच कप," ती म्हणाली. "आंबट तर मी खातच नाही."

खोटं बोलत नव्हती, हेच तर माझं दुखणं. थुंकलेलं ती धरतच नाही. पोटात उतरलं तेवढंच खाल्लं-प्यायलं, असा तिचा समज. मी पोटात राहते का?

डॉक्टरीणबाईंनी 'दोन कप' लिहून घेतलं. मशीन सुरू झालंय. अगं माझ्या जागी येणारे, तू माझ्यासारखीच गोरीपान असशील, तुझंही कौतुक होईल. फुगू नकोस. दाताला घट्ट धरून बस.

उद्या सकाळी दहाला पहिली वाटी आहे.