गादीची खालची बाजू

"पंखा बंद करा," प्लंबर म्हणाला. त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक भिंतीला टेकवलं, मुठीला कान लावला आणि डोळे मिटून घेतले.

सुनेने बटण दाबलं. खोली इतकी चिडीचूप झाली, की दाराशी उभ्या असलेल्या सासऱ्यांचा श्वासही तिला ऐकू येऊ लागला. खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या छताला ओल आली होती आणि त्या दोनदा वर येऊन यथेच्छ तोंडसुख घेऊन गेल्या होत्या. म्हणून ही शोधाशोध. घरातले सगळे नळ आवळून बंद केले होते, तरी जिन्यातल्या पाण्याच्या मीटरची बारीक चकती आपली फिरतच होती.

"स्वयंपाकघर ठीक, न्हाणीघर ठीक," गुडघ्यांवर सरकत प्लंबर पुटपुटला. "इथे मात्र पाइप कुरकुरतोय. आजोबा, ही गादी जरा उचलतो हं."

"नको!" सासरे एवढ्या मोठ्याने म्हणाले, की त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "म्हणजे... माझी गादी मीच उचलतो."

"खजिना दडवलाय की काय खाली?"

सुनेने मान खाली घातली. कंबर धरल्यापासून पलंगावरून पडायची धास्ती, म्हणून सासऱ्यांची गादी जमिनीवर, भिंतीलगत असायची. गेले काही महिने सकाळी त्यांची चादर हाताला दमट लागत होती. पहिल्या दिवशी तिने ती मुकाट्याने धुण्यात टाकली आणि दुसरी घातली. दुसऱ्या दिवशीही. वास घेऊन पाहणं तिला पापच वाटलं असतं. नवऱ्याच्या कानावरही तिने घातलं नाही. सासरे घर जागं व्हायच्या आत गादीवर रजई पसरून ठेवू लागले आणि दिवस कलला की पाण्याला शिवेनासे झाले. दोन्ही जिवांनी ती लाज इतक्या मायेने झाकून ठेवली, की तिच्याकडे धड बघायचंही कुणाला सुचलं नाही.

सासऱ्यांची लेक बाळंत झाली होती. "बाबा, नातू बघायला कधी येताय?" असा तिचा सारखा फोन. कधी कंबर, कधी प्रवास झेपत नाही, अशी यांची कारणं. शेवटी लेकीने वहिनीलाच धरलं होतं. "तूच अडवतेस ना त्यांना? घर राखायला फुकटचा माणूस हवा असेल!" सुनेने तेही गिळलं. सांगणार काय?

"आजोबा, तुमची कंबर जाईल बरं," म्हणत प्लंबरने गादी उलटी केलीसुद्धा.

वरचं अंग जेमतेम दमट. खालचं मात्र असं, की पिळलं तर धार लागेल.

"हे बघा, फरशीच्या फटीतून झिरपतंय. खाली सांधा सुटलाय. गादी रात्रभर पाणी पीत बसली असेल. तुम्हाला कुणालाच कळलं नाही?"

सासरे भिंतीचा आधार घेत खाली बसले. त्यांनी फरशीवर तळहात टेकवला, उचलून नाकाशी नेला, पुन्हा टेकवला, पुन्हा नेला.

"सूनबाई," ते म्हणाले, "अगं, पाणी आहे हे."

"हो बाबा. पाणीच आहे." तिने तोंड खिडकीकडे फिरवलं.

दुपारपर्यंत फरशी फुटली, सांधा बदलला, मीटर थांबलं. प्लंबर गेल्यावर सासऱ्यांनी स्वतःहून लेकीला फोन लावला. त्यांना कमी ऐकू यायचं म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवलेला असे, त्यामुळे पलीकडचा शब्दन् शब्द घरभर ऐकू येई.

"येतो गं. या रविवारी येतो."

"अगबाई! सोडलं का वहिनीने एकदाचं?"

गादी वाळत घालायला निघालेली सून दारातच थबकली. सासऱ्यांना हसून वेळ मारून नेता आली असती. आता कुणाला काही कळायचं कारणच उरलं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला.

"तिने नाही अडवलं, बाळ. मला वाटत होतं, मी झोपेत गादी ओली करतो. जावयांसमोर कसा आलो असतो मी? तिलाही तसंच वाटत होतं. रोज चादर बदलत होती पोर, एका शब्दाने बोलली नाही. थांब, तिच्याशी बोल."

सुनेच्या दोन्ही हातांत गादी होती. सासऱ्यांनीच फोन तिच्या कानाशी धरला.

"वहिनी..." नणंद म्हणाली.

सुनेने गादी छातीशी नीट सावरली.

"बाळ झोपलंय का हो, ताई?" तिने विचारलं.