एकोणसाठ नकार

देवीची लस टोचण्यात बिंदुमाधवअण्णांचा हात धरणारा अख्ख्या बंगळुरात नव्हता. सुई लागली कधी, हे पोराला कळायच्या आत काम फत्ते! आरोग्य खात्यात पंधरा वर्षं झाली, पण त्यांच्या वहीत खाडाखोड म्हणून सापडायची नाही. त्यामुळे अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात, पाहणीच्या कामावर नव्यानं आलेल्या अहल्येनं तीच वही त्यांच्यापुढे आपटली, तेव्हा अण्णांचं डोकंच फिरलं.

"अण्णा, चुनाभट्टीच्या गल्लीत एकोणसाठ घरं आणि एकोणसाठ नकार? एकाही आईला पोराची काळजी नाही होय?"

"तमिळ मजूर ते, अडाणी. तीनदा दवंडी पिटली, मारुतीच्या कट्ट्यावर दिवसदिवस बसलो. एक जण फिरकेल तर शपथ!"

शेजारच्या पेठेत देवीचे दोन रोगी निघाले होते. आणि खात्याच्या साहेबांनी ठरवलेलं, गल्लीला लस नको तर नको, उरलेली शनिवारी आनेकल तालुक्याला पाठवून द्या. मधे उरले तीन दिवस. पण काय चिवट पोरगी हो! भर उन्हात दारोदार फिरली, मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारत, एकेकाचा दंड उघडून लशीचा वण शोधत. शुक्रवारी सकाळी तर अण्णांनाच लशीच्या पेटीसकट गल्लीत ओढून नेलं.

"का आली नाहीस गं?" मुनियम्मा म्हणून चुना भाजणारी एक बाई दारात होती, तिला अण्णांनी दरडावलं.

ती गोंधळलीच. "आले होते की, सामी. तिन्ही वेळा. कट्ट्यावर आम्हाला चढू देत नाहीत. पोराला घेऊन खाली पिंपळापाशी उभी होते. आम्ही सगळ्याच होतो. तुम्ही हाकललंत."

अण्णांना ती गर्दी लख्ख आठवली. बघे समजून त्यांनीच हात उगारला होता, सावलीत गर्दी करू नका म्हणून. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अहल्येकडे बघायची छाती होईना. पोरीनं दोन दिवसांत जे पाहिलं, ते त्यांना पंधरा वर्षांत दिसलं नव्हतं.

ते मुनियम्माच्या उंबऱ्यापाशी मातीत बसले आणि पेटी उघडली. दिवस कलेपर्यंत गल्लीतला एकही दंड सुटला नाही. मग त्यांनी वही मागितली.

"स्वल्प थांबा अण्णा, दुसऱ्या कागदावर लिहा. साहेब बघतील," अहल्या म्हणाली.

"बघू देत की, अक्का."

आणि एकेक 'नकार' खोडून अण्णांनी एकोणसाठ वेळा लिहिलं, 'मी गेलो नाही.'