एझ्रा पिकेट आणि कागदाचा बुधवार

मी एक जुना चरित्रग्रंथ आहे. हसू नका मित्रांनो, पानं दीडशेच असली तरी ग्रंथ म्हटलं की जरा मान मिळतो. एझ्रा पिकेट नावाच्या अमेरिकन वकिलाचं आयुष्य माझ्यात आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी सरहद्दीवरच्या ओसाड मुलखात तो लोहाराच्या दुकानात खटले चालवायचा. पुढे तो विधिमंडळातही गेला.

डोंबिवलीच्या शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस म्हणून मी रविकांतला मिळालो. त्याच्या आईने त्याच दिवशी मला खाकी कव्हर घातलं, वर प्लास्टिक चढवलं आणि सगळं चिकटपट्टीने पक्कं केलं. माझं कौतुक तिथेच संपलं. रविकांत पुढे कॉम्प्युटर इंजिनिअर झाला आणि २००४ साली टोकियोजवळच्या ग्योतोकुला आला. मीही आलो, पण कपाटातच राहिलो.

वर्षभरात त्याची ओसाकाला बदली झाली. सामान आवरताना बायको अनुराधा म्हणाली, "रवी, हे तू कधी उघडलंस तरी?"

"वाचणार आहे गं."

"वीस वर्षं वाचणारच आहेस! उद्या बुधवार, कागदाच्या कचऱ्याचा दिवस. दे टाकून."

कागदाचा कचरा म्हणजे थेट लगदाच की!

पण कचरावाल्याने माझं प्लास्टिक पाहिलं आणि 'चालणार नाही' असा लाल कागद डकवून मला तिथेच ठेवलं. शनिवारी रविकांतने मला प्लास्टिकच्या कचऱ्यात घातलं. आत कागद म्हणून पुन्हा लाल कागद! दोन्ही वेळा खालच्या मजल्यावरचे म्हातारे सातो-सान, म्हणजे आपल्याकडचे सातोराव, मला पुसून परत घेऊन आले. इमारतीचे कचऱ्याचे नियम त्यांनीच लिहिले होते.

"रविकांत-सान, कव्हर काढा. कागद वेगळा, प्लास्टिक वेगळं," ते म्हणाले.

रविकांतने दारातच कात्री चालवली. मला मोकळा वारा लागला आणि आता आपण संपलो, हेही कळलं. तेवढ्यात सातो-सानांना मुखपृष्ठावरचा घोडेस्वार दिसला.

"हे कोण? यांनी काय केलं?"

वक्तृत्वाच्या विजेत्याने एक पानही वाचलेलं नव्हतं! त्याने ओशाळून मला मधूनच उघडलं आणि मोडक्यातोडक्या जपानीत सांगू लागला. एझ्राने कायदा केला होता, कोर्टात घोडा आणायचा नाही. महिन्याभरातच एकदा उशीर झाला म्हणून तो स्वतःच घोड्यासकट कोर्टात शिरला. मग त्याने स्वतःवर खटला भरला, स्वतःचाच बचाव केला, हरला आणि तुरुंगात जाऊन बसला.

सातो-सान हसून हसून पायरीवर बसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मागच्या वर्षी मीच चुकीच्या दिवशी बाटल्या ठेवल्या होत्या. कोणाला बोललो नाही. पुढे काय झालं?"

त्यानंतर रोज संध्याकाळी एक प्रकरण. अनुराधा स्वयंपाकघरातून ओरडायची, "थांब रे, मी आल्याशिवाय पुढे वाचू नकोस!" मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता.

सामानाचा ट्रक आला तेव्हा चार प्रकरणं उरली होती. अनुराधाने मला स्वतःच्या पर्समध्ये घातलं. सातो-सानांनी फोन नंबरची चिठ्ठी दिली आणि कमरेत वाकून म्हणाले, "पिकेट-सान पुढची निवडणूक जिंकले का, तेवढं कळवा."

मित्रांनो, पुस्तक नुसतं जपू नका. टाकायचं तर खुशाल टाका, पण आधी वाचा. मग बघा, टाकवतं का!