बसलं की दुखतं

सलीलच्या उजव्या कुल्ल्यात दुखायला लागलं ते दिवाळीनंतर, कापसाची खरेदी सुरू झाली त्याच आठवड्यात. सव्वीस वर्षांचा सलील पांढरकवड्याजवळच्या एका खरेदी केंद्रावर ग्रेडर होता. शेतकऱ्याच्या बैलगाडीवर, म्हणजे बंडीवर चढायचं, आतून मूठभर कापूस ओढून धागा ताणून पाहायचा आणि प्रत ठरवायची, हे त्याचं काम. २००५ साल होतं. भाव पडलेले, बंड्यांची रांग पार हायवेपर्यंत, माणसं चिडलेली. अशात ग्रेडरच लंगडायला लागला.

"बंडीवरून उडी मारली असणार, नस दबली," सगळे म्हणाले. गावातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. कमरेचा एक्स-रे काढला, त्यात काही निघालं नाही. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि पूर्ण आराम करायला सांगितलं.

डिसेंबरात कापूस ठेवायला जागा उरली नाही म्हणून खरेदी आठ दिवस बंद पडली. सलील यवतमाळला घरी गेला. आईने, रत्नप्रभाबाईंनी, त्याला पलंगावरून उठू दिलं नाही. जेवण जागेवर, शेकायला गरम वाळूची पुरचुंडी. तिसऱ्या दिवशी त्याला कूस बदलायला पलंगाची कड धरावी लागली. पहाटेच ठणक्याने जाग यायची. मग तो अंगणात फेऱ्या मारायचा.

"अरे, पडून राहा ना! आराम नाही केला तर बरं कसं वाटणार?"

तो पडायचा, पुन्हा उठायचा. हाडात काही भलतंच तर नसेल, हा विचार त्याने कोणाला बोलून दाखवला नाही, पण तो डोक्यातून जाईना.

खरेदी पुन्हा सुरू झाली तेव्हा तो आधीपेक्षा वाईट चालत होता. सकाळी वाकवेना, म्हणून त्याने एका बंडीतला फक्त वरचा कापूस चिमटीत घेतला. वरचा थर दवाने ओला झालेला होता. त्याने खालची प्रत सांगितली.

बंडीवाला धरमसिंग, जवळच्या तांड्यावरचा. त्याने आवाज चढवला नाही. "साहेब, आतला पाहा ना. वरूनच कायले पाह्यता?"

"सांगितलं ना एकदा!" सलील खेकसला आणि पुढे गेला. पाच-सहा बंड्या झाल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. तोवर अंगही मोकळं झालं होतं. तो परत आला, कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस काढला आणि प्रत बदलून दिली.

धरमसिंग म्हणाला, "साहेब, एक बोलू काय? चार दिवसांपासून रांगेत बसून तुमालेच पाहून राह्यलो. दुसरं कामच काय होतं? तुमी खुर्चीवरून उठता तवा लंगडता. दहा बंड्या पाह्यल्या का सरके चालता. जेवाले बसले का पुन्हा लंगडता. माह्या बैलाचा पाय मुरगळला, तो आरामानं सुधरला. तुमचं त उलटंच हाये."

सलील तसाच उभा राहिला. आठ दिवसांचा आराम, पहाटेच्या फेऱ्या, सगळं एका ओळीत आलं.

रविवारी तो वडिलांना घेऊन यवतमाळच्या मधुवंती डॉक्टरांकडे गेला. सदाशिवराव कोर्टातून निवृत्त झालेले कारकून. त्यांना दोन पायऱ्या चढतानाही मान वर करून पाहता येत नसे. लोक म्हणत, तीस वर्षं टेबलावर वाकून लिहिलं, पाठ तशीच राहिली.

धरमसिंगचं बोलणं सलीलने जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टर सरसावून बसल्या.

"सकाळी अंग किती वेळ आखडलेलं असतं?"

"तासभर तरी."

"डोळा कधी लाल झाला होता? उजेड सहन न होण्याइतका?"

"मागच्या हिवाळ्यात. कापसाची धूळ गेली म्हणून थेंब घातले."

त्यांनी त्याला पालथं झोपवून कमरेखाली उजवीकडे अंगठा दाबला. सलील ओरडलाच. नव्या एक्स-रेत पाठीचा कणा जिथे कमरेच्या हाडाला जुळतो, त्या उजव्या सांध्याची कड पुसट दिसत होती.

"नस नाही, हा सांधा सुजलाय. कॅन्सरही नाही," त्या म्हणाल्या, जणू त्याने विचारलंच होतं. "हा आजार आरामाने वाढतो. डोळा लाल होतो तोही यानेच. पुष्कळदा घराण्यातही असतो." मग त्यांची नजर सदाशिवरावांकडे गेली. "काका, जरा मागे वळून दार पाहता?"

सदाशिवराव खुर्चीत पूर्ण अंगाने वळले. मान वळलीच नाही.



"मलाही पंचविशीतच सुरू झालं होतं," ते बाहेर आल्यावर म्हणाले. "सकाळी तुझी आई हाताला धरून उठवायची. वाटलं, बैठं काम, होणारच. मी बसूनच राहिलो रे." थोडं थांबून म्हणाले, "तुझ्यासाठी कोर्टात टेबलावरचं काम बघा म्हणून परवा माझ्या जुन्या साहेबांकडे शब्द टाकलाय. तो मागे घेतो."

सलीलने गोळ्यांची पुडी एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकली.

डॉक्टरांनी व्यायामाचा कागद दिला होता आणि आजार मुळापासून जात नाही, हेही सांगितलं होतं. सोमवारी पांढरकवड्याच्या खोलीत उजाडायच्या आत तो उठला, कागद उशीला टेकवून ठेवला आणि पाठ ताणायला लागला. अंग मोकळं व्हायला चाळीस मिनिटं लागली. मंगळवारी पस्तीस. बुधवारी पुन्हा तास. चिडून त्याने कागद फेकला, मग वाकून उचलला आणि उरलेले दोन प्रकार पूर्ण करून कामाला निघाला.