लेन्सवरचा भंडारा

खंडेनवमीला आईने माझ्या लेन्सची पूजा केली आणि लेन्स कामातून गेली.

फर्स्ट शिफ्ट करून घरी आलो, तर पाटावर विळा, कुऱ्हाड, माझे नटबोल्टचे पाने आणि मधोमध कॅमेरा, असा सगळा दरबार भरला होता. लेन्सच्या काचेवर हळदीकुंकवाची ओली बोटं, वर अक्षता. नारळही तिथेच फोडलेला. त्याचं पाणी झूमच्या रिंगेत उतरलं होतं.

“अगं, टोपण तरी राहू द्यायचं!” मी ओरडलो.

“देवापुढं डोळा झाकून बसवायचा व्हय रं?” आई म्हणाली.

आईचं नावच साखरबाई; तिने गोड पाणी पाजल्यावर व्हायचं तेच झालं. दोन दिवसांनी रिंगेतून मुंग्या बाहेर पडल्या आणि माझ्या तोंडून नको ते. “तुला काय कळतं? इथून पुढं माझ्या वस्तूंना हात लावू नको,” असं मी चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईला म्हणालो, तेही शेजारी ऐकतील एवढ्या आवाजात.

तिने ते शब्दशः पाळलं. डबा भरून ओट्यावर ठेवायची, माझ्या पिशवीत घालायची नाही. दर रविवारी मी घोडनदीच्या काठाला पक्ष्यांचे फोटो काढायला निघालो, की कॅमेऱ्याची बॅग तीच माझ्या खांद्याला अडकवायची. आता बॅग खुंटीला आणि आई त्या खुंटीखालून जातानाही अंग चोरून जायची. मला ते लेन्सपेक्षा जड जात होतं. पण माफी मागायला जीभ रेटेना. वाटलं, दुसरी लेन्स मिळाली की सगळं आपोआप जागेवर येईल.

पुण्याच्या दुरुस्तीवाल्याने हात वर केले. या जुन्या मॉडेलचे पार्टच येत नाहीत म्हणाला. मग आमच्या शिरूर-दौंडच्या पक्षी फोटोवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं. सल्ल्यांना काय तोटा! कुणी म्हणे तांदळात पुरा, कुणी म्हणे उन्हात वाळवा. यवतच्या नीलमताईंचं मेडिकल आहे, त्यांनी मुंग्यांची पावडर सुचवली. शेवटी राहू गावच्या मल्हारचा फोन आला.

“दादा, माझ्याकडं तसलीच पडून हाय. मी नवा कॅमेरा घेतला, त्याला ही बसत न्हाई. या आन् घेऊन जावा.”

रविवारी सकाळीच नुसत्या कॅमेऱ्याची बॅग गाडीला अडकवून न्हावऱ्यावरून राहू गाठलं. मल्हारचे आजोबा मेंढरं राखायचे. ते ज्या लांडग्याला दगड घेऊन हाकलायचे, त्याच्याच फोटोसाठी हा बाबा उसाला पाणी द्यायचं सोडून माळावर तास-तास पालथा पडलेला असतो.

चहा झाल्यावर त्याने घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेली लेन्स आणली. काच लख्ख. रिंग अलगद फिरली. फक्त कडेला, नळीवर, बोटाएवढा पिवळा डाग होता. मी सवयीने रुमाल काढला आणि पुसायला गेलो. मल्हारने माझं मनगट धरलं.

“बाकी कुठंबी पुसा, दादा. तेवढं राहू द्या.”

“काय आहे ते?”

“भंडारा. ही आणली त्या दिवशी आईनं लावलेला. आधी काचेवरच बोट नेलं हुतं, तवा मी लई तडकलो तिच्यावर. मग बिचारीनं हितं कडंला टेकवलं. दोन वर्सं झाली तिला जाऊन. फोटो लई हायत तिचं. बोट एवढंच हाय.”

“अन् हे मला देतोस?”

“कपाटात ठिवून काय करू? तुमच्याकडं चालती ऱ्हाईल.” बदल्यात त्याने माझा जुना ट्रायपॉड तेवढा मागितला.

परतताना पारगावच्या पुलावर थांबलो. खाली भीमेत चक्रवाक उतरले होते. बॅगेत कॅमेरा, लेन्स दोन्ही असून एकही फोटो काढला नाही. माझी मलाच लाज वाटत होती.

आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी बॅग खुंटीला अडकवली, देव्हाऱ्यातून कुंकवाचा करंडा आणला आणि टोपण लावलेली लेन्स तिच्यापुढे धरली.

“लाव.”

“नगं बाबा. परत बिघडंल.” तिने हात पदराखाली घेतले.

“चुकलं माझं, आई. लई वंगाळ बोललो तुला.” आणि मग मी तिला मल्हारच्या आईचं सगळं सांगितलं.

तिने पदराखालून हात काढले. मग लेन्स मांडीवर घेऊन त्या पिवळ्या डागाकडे बघत बसली.

“नाव काय हुतं तिचं?”

“सगुणाबाई.”

“तिच्या शेजारी लावू?”

मी मान डोलावली. तिने करंड्यात बोट बुडवलं आणि काचेपासून चांगलं लांब, भंडाऱ्याला लागून, हलकेच टेकवलं. मग उठली, खुंटीवरची बॅग काढली, लेन्स तीत ठेवली आणि बॅग माझ्या खांद्याला अडकवली.

“जा. ऊन हाय तवर पाखरं बघून ये.”

पांढऱ्या शर्टावर, खांद्याशी, कुंकवाचं बोट उमटलं. शर्ट नवा होता. मी तसाच नदीकडे निघालो.