झुळूक

त्या आठवड्यात जगात मारामाऱ्यांना नुसता ऊत आला होता. एका शांतता परिषदेत खुर्च्या कमी पडल्या म्हणून दोन देशांच्या प्रतिनिधींनी एकमेकांच्या गळ्यातले टाय आवळले. टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या स्पर्धेत एका परीक्षकाने तवा फेकला आणि तो दुसऱ्या परीक्षकाच्या कपाळात बसला. दुसऱ्या दिवसापासून दुकानात तसले तवे मिळेनात. नव्या फोनच्या रांगेत एकाने दुसऱ्याचं टाळकं फोडलं, तिसऱ्याने ते जुन्या फोनवर टिपलं आणि रांग मात्र कुणी सोडली नाही. ताईची चंगळ होती. ती शनिवारच्या पुरवणीत ‘चिमटे’ नावाचं सदर लिहायची, आणि लोकांनी एकमेकांच्या नरड्याला हात घातल्याशिवाय तिचा रकाना भरत नसे.

बाईंची जीभ अशी की पापाराझीसुद्धा लांबून फोटो काढत, असं संपादक म्हणायचे. ते काही खरं नव्हतं. ताई साधी, चष्मा लावणारी, पायमोजे एका रंगाचे न सापडणारी बाई होती. फक्त समोर कुणी फुगलेलं दिसलं की तिच्या बोटांना खाज सुटायची, आणि ती तिला आवरत नसे. आवरावी असं तिला कधी वाटलंही नव्हतं.

तिचा धाकटा भाऊ बायकोसह तिच्याच घरात खालच्या मजल्यावर राहायचा. त्याचा धंदा सिनेमात मार खाण्याचा. पडद्यावर हिरो ज्याला भिरकावतो, जिन्यावरून लोटतो, काचेतून आरपार घालवतो, तो हा. चेहरा कुणाला आठवायचा नाही, पण पाठ अख्ख्या देशाने पाहिलेली. रात्रीची जेवणं सगळी एकत्र व्हायची आणि ताटावर बसल्या बसल्या तो आपल्या धंद्यातल्या गमती सांगायचा.

“ठोसा गालापासून वीतभर लांबून जातो गं ताई,” एकदा तो म्हणाला होता. “बाकी सगळं माझं काम. मी मुठीकडे बघतच नाही. मूठ फसवते. मी खांद्याकडे बघतो. खांदा हलला की मान फिरवायची आणि ‘आई गं, मेलो’ म्हणून बोंब ठोकायची.”

“आणि खरंच बसला तर?”

“मग आवाजच निघत नाही,” तो हसून म्हणाला. “खोटा मार, मोठा आवाज. खरं लागलं की माणूस गप्प होतो. आमच्यातला कुणी गप्प झाला, की फाइट मास्टर आधी डॉक्टरला हाक मारतो.”

त्याची बायको घास हातात धरून ऐकत होती. तिला ह्या गमती अजिबात आवडायच्या नाहीत. त्याच्या मानेतला एक मणका आधीच सरकलेला होता. आणखी एक वाईट धक्का बसला तर हात कायमचा जाईल असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून फाइट मास्टरने त्याला कबूल केलं होतं, की चालू सिनेमातली एवढी एक मारामारी निभावून ने, मग पडणं बंद. पुढच्या सिनेमापासून तू माझा असिस्टंट, दुसऱ्यांना पडायला शिकवायचं. घरात तिघंही ह्या एका मारामारीकडे डोळे लावून बसली होती.

नेमका त्या सिनेमाचा हिरो त्याच आठवड्यात मुलाखत देऊन बसला. हा माणूस पन्नाशी उलटल्यावरही पडद्यावर कॉलेजात नापास होत असे, म्हणून ताईने सदरात त्याचं नाव ‘चिरतरुण’ ठेवलं होतं. तो म्हणाला, “माझी मारामारी मी स्वतः करतो. माझ्या सिनेमात काही खोटं नसतं.”

आता एवढा लुसलुशीत गाल समोर आल्यावर चिमटा न काढणारी ती ताई कसली! तिने लिहिलं: “चिरतरुण मार स्वतः देतात हे खरं आहे. खायला माणसं ठेवलेली आहेत. चिरतरुणांचा ठोसा गालापासून वीतभर लांबून जातो आणि तरी समोरचा कोसळतो. म्हणजे माणसं मरतात ती वाऱ्याने. हवामान खात्याने पुढच्या सिनेमाआधी किनाऱ्यावरच्या लोकांना सावध करावं.”

शनिवारी हे छापून आलं आणि रविवारपर्यंत पोराटोरांनी त्याचे व्हिडिओ बनवले. टेबलफॅन लावायचा, समोर उभं राहायचं आणि धाडकन पडायचं. एका आजीबाईंनी फुंकर मारून आजोबांना पाडलं, ते तर घराघरांत पाहिलं गेलं. ताई फोन मांडीवर ठेवून खुदुखुदू हसत होती, तेवढ्यात धाकटा वर आला. तो हसत नव्हता.

“ताई, ‘वीतभर’ हे माझं वाक्य होतं. घरातलं.”

“अरे, कुणाला कळणार आहे?”

“कळायचं राहू दे. साहेबाच्या नाकाला मिरच्या झोंबल्यात. सेटवर कुणाशी धड बोलत नाहीये. आणि मंगळवारी त्याच्या समोर मी आहे.”

“तो रागावलाय माझ्यावर. तुला काय करणार?”

धाकटा खाली जायला वळला. वड्याचं तेल वांग्यावर निघतं, हे त्या घरात ताईलाच समजावून सांगायची पाळी यावी, याचं त्याला आश्चर्य वाटलं असावं.

सोमवारी चिरतरुणाच्या कचेरीतून ताईला आमंत्रण आलं. शूटिंगला यावं, मारामारी डोळ्यांनी बघावी आणि मग खुशाल लिहावं. हात दाखवून अवलक्षण कशाला, असं भावजयीने सुचवून पाहिलं. पण ताईला पुढच्या शनिवारचा रकाना आयता दिसत होता, आणि धाकट्याला काम करताना तिने कधी पाहिलंही नव्हतं. “ओळख दाखवू नकोस,” एवढंच तो म्हणाला.

एका जुन्या गोदामात दारूचा अड्डा उभारलेला होता. फळीवरच्या बाटल्या खऱ्या आणि टेबलावरच्या साखरेच्या, हे फाइट मास्टरने ताईला आल्याआल्या दाखवलं. साखरेची काच डोक्यात फोडली तरी ओरखडा उठत नाही. तिच्यासाठी कॅमेऱ्याशेजारी खुर्ची मांडलेली होती. चिरतरुण आला, त्याने वाकून नमस्कार केला आणि गोड हसला. सिनेमा त्याचा, पैसा त्याचा, म्हणून ‘कट’ म्हणायचा हक्कही त्याचाच होता. बाकी कुणी म्हटलं तर कॅमेरा थांबत नसे.

पहिला टेक झाला. चिरतरुणाचा खांदा हलला, मूठ हवेतून गेली, धाकट्याने मान झटकली आणि गोदाम दणाणून सोडलं. “आई गं, मेलो!” पत्र्यावरची कबुतरंसुद्धा उडाली. ताईला हसू फुटलं. तिने तोंडावर रुमाल धरला, पण हसू रुमालाने झाकलं जात नाही, उलट ते जास्तच दिसतं.

चिरतरुणाने ते पाहिलं. “वाराच वाटला ना, मॅडम? पुन्हा घेऊ.”

दुसऱ्या टेकला मूठ हवेतून गेली नाही. ती धाकट्याच्या तोंडावर बसली आणि बोटातल्या जाड अंगठीने ओठ फाडला. तो दोन पावलं मागे गेला, सावरला आणि गप्प उभा राहिला. हनुवटीवरून रक्त गळत होतं. सिनेमातलं रक्त म्हणजे रंग, हे ताईला पाठ होतं. तिच्या सदरात तो विनोद कितीदा येऊन गेला होता. तिच्या मनात आलं ते एवढंच, की आज ह्याला अभिनय जमत नाहीये. फाइट मास्टर पुढे सरसावला, पण धाकट्याने नकारार्थी मान हलवली. ह्या एका मारामारीनंतर पडणं संपणार होतं, आणि आता तो थांबला असता तर असिस्टंटची जागाही तिथेच संपली असती.

“आता काय वाटतं, मॅडम?” चिरतरुणाने विचारलं. सगळं युनिट ताईकडे बघत होतं. श्रोते असले की ताईला विचार करायला वेळ लागत नसे. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

“आता झुळूक वाटतेय,” ती म्हणाली. “फक्त ह्यांना ओरडायची आठवण करा.”

लोक हसले. धाकट्याने तिच्याकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेत राग असता तर ताईला पुढे जगणं सोपं गेलं असतं. त्यात फक्त दमलेपण होतं.

तिसऱ्या टेकला चिरतरुणाने त्याला मारलं. खरोखरीचं, गुरासारखं मारलं. पोटात गुडघा घातला, वाकल्यावर मानेवर कोपर हाणलं, केस धरून उभं केलं आणि पुन्हा तोंडावर दिलं. मग कमरेला धरून टेबलावर आपटलं. टेबल मोडायचं होतं मधोमध, पण ते कडेला मोडलं आणि धाकटा मानेवर पडला. चिरतरुण तरीही लाथा घालतच होता. प्रत्येक लाथेला ‘वारा? वारा?’ असं पुटपुटत होता. कॅमेरा चालू होता. आणि एवढ्या मोठ्या गोदामात धाकट्याचा आवाज कुठेच नव्हता.

तेव्हा ताईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खरं लागलं की माणूस गप्प होतो.

ती खुर्चीवरून कधी उठली हे तिला नंतर सांगता आलं नाही. तिने टेबलाच्या ढिगाऱ्यातली बाटली उचलली आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर काढून चिरतरुणाच्या टाळक्यात हाणली. त्याला ठार मारायची तिची मनापासून इच्छा होती. बाटली साखरेची आहे हे तिला माहीत होतं, पण तिच्या रागाला माहीत नव्हतं. बाटलीचा खळकन चुरा झाला, साखर त्याच्या केसांत सांडली, आणि आधीच ठरवलेली गंमत असेल असं समजून युनिटने टाळ्या वाजवल्या.

चिरतरुणाला काहीच लागलं नव्हतं. तो दचकला मात्र. दचकून मागे सरला, पाय वायरीत अडकला आणि पाठीमागे कोसळायला लागला. साऱ्या आयुष्यात दुसऱ्यांना पाडणाऱ्या ह्या माणसाला स्वतःला पडता येत नव्हतं. तो तसाच ताठ, डोकं मागे टाकून, ओंडक्यासारखा खाली येत होता.

“हनुवटी आत!”

धाकटा ओरडला होता. मान वाकडी, तोंडात रक्त, एक हात लुळा, आणि तरीही कुणी चुकीचं पडताना दिसलं तेव्हा त्याच्याच्याने राहवलं नाही. भेदरलेल्या चिरतरुणाने हनुवटी छातीला लावली. त्यामुळे कवटी वाचली आणि मनगटावर भागलं. ते काडकन मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. मग त्याने जी बोंब ठोकली ती रस्त्यापर्यंत गेली. खरं लागल्यावर गप्प राहायचा नियम पडणाऱ्यांचा असतो, हिरोंचा नसतो.

दोघांनाही एकाच इस्पितळात नेलं. चिरतरुण वरच्या मजल्यावर, दारात फुलांचे गुच्छ, खाली चाहत्यांची प्रार्थना. बातम्यांत दोन दिवस दुसरं काही नव्हतं. “जिवावर उदार होऊन स्टंट करताना दुखापत,” असं एका वाहिनीने सांगितलं आणि खाली बारीक अक्षरांत जोडलं, “एक सहकारी किरकोळ जखमी.” ताईच्या बाटलीचा व्हिडिओ तर टेबलफॅनच्याही पुढे गेला. लोक एकमेकांच्या डोक्यात बिस्किटं फोडत होते. संपादकांचा फोन आला, “बाई, ह्या आठवड्यात तुम्हीच बातमी! लिहून टाका फक्कडपैकी.” ताईने फोन बंद केला.

किरकोळ जखमी सहकारी खालच्या मजल्यावर गळ्याला पट्टा बांधून आढ्याकडे बघत पडला होता. उजवा हात चादरीबाहेर, दुसऱ्या कुणाचा तरी आणून ठेवल्यासारखा. बोटांत लवकर जाणीव आली तर आशा आहे, नाहीतर हात गेलाच समजा, असं डॉक्टर सांगून गेले होते. भावजय पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिने ताईला एका शब्दाने दुखवलं नव्हतं आणि ते ताईला जास्त लागत होतं.

“मला माफ कर,” ताई म्हणाली.

“झुळूक चांगली होती,” तो म्हणाला. फाटलेल्या ओठाने त्याला हसता येईना. “मी प्रेक्षकांत असतो तर हसलो असतो.”

ताई ढसाढसा रडली. भावजयीने तिला रडू दिलं, मग हळूच म्हणाली, “ताई, बघा ना जरा बोटांना चिमटा काढून. माझा धीर होत नाही.”

ताईने डोळे पुसले. ती वाकली, तशी भावजयीने डोळे गच्च मिटून घेतले. पट्ट्यामुळे त्याला मान वळवता येत नव्हती, स्वतःचा हात दिसत नव्हता. दिसत होती ती त्याच्यावर झुकलेली बहीण, खांद्यापर्यंत. तिने हात पुढे नेला. आणि मध्येच तिचं मन कचरलं. त्याला दुखेल म्हणून की दुखणार नाही म्हणून, तिचं तिलाच कळेना. तिचा खांदा हलला, पण बोटं त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर तशीच थांबली.

“आई गं, मेलो!” धाकट्याने बोंब ठोकली.

अख्ख्या वॉर्डात आवाज घुमला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दचकून उठला. भावजयीने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि ती हसत रडायला लागली. “लागतंय! ताई, लागतंय त्यांना!”

धाकटा ताईकडे बघत होता. बोलू नकोस, असं त्याचे डोळे विनवत होते. ताईने आपला हात पाठीमागे नेला, पदराआड लपवला आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंडावर आलेलं वाक्य गिळलं.

“लागतंय हो,” ती म्हणाली. “खूप लागतंय.”